भावाला शेवटच्या आठवड्यात क्षमा मिळाली, मग माझ्या तीस वर्षांचं काय?

पाळकसाहेब, सलाम.

मी नगर जिल्ह्यातल्या एका गावात राहते. वय ५२, शाळेत शिक्षिका आहे. संडेस्कूलपासून चर्चच्या मंडळीतच वाढले. उत्पन्नाचा दशमांश कधी चुकवला नाही, महिला मंडळाची प्रार्थना चुकवली नाही, ईस्टरआधीच्या लेंटमधले उपवासही पाळत आले.

गेल्या वर्षी माझा मोठा भाऊ वारला. तो आयुष्यभर प्यायला. वहिनीवर हात टाकला, वडिलांच्या जमिनीतला तुकडा विकून टाकला, पोरांच्या फीच्या वेळी कधी घरात सापडला नाही. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात पाळक भेटायला आले. तेव्हा तो खूप रडला, वहिनीचं नाव घेतलं, देवाकडे क्षमा मागितली. मातीच्या वेळी पाळक म्हणाले, आपला भाऊ प्रभूच्या घरी पोहोचला. सगळे आमेन म्हणाले. माझ्या तोंडून आमेन निघालं नाही. म्हणजे हवं तसं जगायचं आणि शेवटी माफी मागितली की झालं? मग मी तीस वर्षं जे केलं त्याचं काय?

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. अर्धांगवायू झाल्यापासून अंथरुणावर आहेत. त्यांचं सगळं मीच करते, पण सारखी खेकसते. एकदा तर त्यांचा हात झिडकारला. मंडळीच्या जागृतीसाठी भरलेल्या उज्जीवन सभेला आलेले वक्ते म्हणाले की ज्याचा स्वभाव बदलला नाही त्याचं तारण, म्हणजे पापातून सुटका, झालेलंच नाही. तेव्हापासून मी चर्चमधलं प्रभुभोजन, ती भाकर आणि द्राक्षारस, घेत नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी काहीतरी कारण काढून मागच्या बाकावरून उठून जाते.

धाकटी जाऊ वसईची, कॅथलिक. ती म्हणते, तुमच्याकडे नुसता विश्वास ठेवला की झालं, आमच्याकडे सत्कर्मंही लागतात. खरं काय मानायचं? शेवटचा प्रश्न. भावाच्या वर्षाच्या प्रार्थनेला त्याच्या नावाने मंडळीला बाक द्यावा असं आईला वाटतं, त्याच्या नावे काहीतरी चांगलं जमा होईल म्हणून. पंधरा हजारांचा खर्च आहे. देऊ का?

— एक भगिनी

ताई, सलाम.

त्या न निघालेल्या आमेनपासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या पत्रातलं बाकीचं सगळं तिथूनच सुरू झालेलं दिसतं. तुम्हाला त्याची टोचणी लागली आहे. मला मात्र त्यात अविश्वास दिसत नाही. तुम्ही कबरेजवळ उभ्या होतात आणि तुमच्या डोळ्यांसमोर वहिनी होत्या. भावाला क्षमा मिळाल्याचं सगळ्यांनी ऐकलं. ज्या बाईने इतकी वर्षं मार खाल्ला तिच्याबद्दल त्या दिवशी कोणी काही बोललं असेल, तर तुमच्या पत्रात ते आलेलं नाही. कृपेचा उपदेश असा अर्धाच केला, की ज्याला जखम झाली आहे त्याला तो नव्या अन्यायासारखा वाटतो. यात चूक उपदेशाच्या अर्धेपणाची आहे, तुमच्या मनाची नाही.

देवाने तुमच्या भावाला क्षमा केली, याचा अर्थ त्याने केलं ते फारसं वाईट नव्हतं असा होत नाही. जे वाईट आहे त्यालाच क्षमा लागते. चुकून पाय लागला तर आपण ‘असू दे’ म्हणतो, तिथे क्षमेचं काम पडत नाही. वहिनीच्या अंगावर उठलेला हात ‘असू दे’ म्हणण्याजोगा नव्हता, आणि देवानेही तसं म्हटलेलं नाही. तसं म्हणून भागलं असतं तर वधस्तंभाची गरजच पडली नसती. म्हणून भावाच्या पापाला पाप म्हणायला कचरू नका. वहिनींना तर ‘प्रभूने क्षमा केली, आता तुम्हीही विसरा’ असं कोणी म्हणत असेल, तर त्याला थांबवा. क्षमा करायला त्यांना लागेल तेवढा वेळ लागू द्या.

आता त्याच्या शेवटच्या आठवड्याविषयी. लूकच्या शुभवर्तमानाच्या २३व्या अध्यायातला, येशूशेजारी वधस्तंभावर दिलेला तो गुन्हेगार आठवा. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, दशमांश देण्याचा प्रश्न नव्हता, कोणाचं लुबाडलेलं परत करायलाही हात मोकळे नव्हते. त्याच्यापाशी दोनच गोष्टी होत्या. आपण आपल्या कृत्यांचं योग्य फळ भोगतो आहोत ही कबुली, आणि ‘माझी आठवण करा’ ही विनंती. त्याला उत्तर मिळालं, “तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.” तुमच्या भावाच्या मनात त्या खाटेवर नेमकं काय झालं ते ना मला ठाऊक, ना तुमच्या पाळकांना. पण रडताना त्याने वहिनीचं नाव घेतलं, असं तुम्हीच लिहिलं आहे. ती कबुलीच होती. पाळकांनी त्या कबुलीवरून आशेने बोलायला हवं होतं, आणि ते तसं बोलले.

“म्हणजे हवं तसं जगायचं आणि शेवटी माफी मागितली की झालं?” हा प्रश्न आरंभीच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलालाही विचारला गेला होता. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःच तो मांडतो, कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावं काय, आणि ताडकन ‘कधीच नाही’ म्हणतो. गेल्या शतकात डीट्रिख बॉनहोफर या जर्मन पाळकाने ‘स्वस्त कृपे’वर कडक शब्दांत लिहिलं. पश्चात्तापाशिवाय क्षमा वाटणारी आणि येशूच्या मागे चालायला न लावणारी कृपा, असा त्याचा रोख होता. हिटलरच्या राजवटीत आपली मंडळी गप्प बसलेली तो पाहत होता. पुढे १९४५ च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्याला फाशी दिलं. तेव्हा तुमची शंका हलकी नाही, चांगल्या लोकांनी ती जीव ओतून मांडलेली आहे.

तरीही तुम्हाला एक विचारतो, रागावू नका. भावाने आयुष्यभर मजा केली आणि शेवटी फुकटात आत शिरला, असं तुम्हाला वाटतं ना? त्याचं आयुष्य खरंच मजेचं होतं? येशूचा द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला, जिथे संध्याकाळी आलेल्यालाही दिवसभर राबणाऱ्याएवढीच मजुरी मिळते, आपण नेहमी सकाळपासून राबणाऱ्यांच्या बाजूने ऐकतो. आपल्याकडच्या मजूर अड्ड्यावर दुपारनंतरही उभी राहिलेली माणसं पाहा. कोणी कामाला नेलं नाही, संध्याकाळी घरी काय न्यायचं याचा घोर लागलेला. दिवसभराची सावली मिळाली म्हणून त्यांचा कोणी हेवा करत नाही. मळ्यात काम मिळालेल्याच्या अंगाला घाम होता, पण आपण कोणाच्या कामावर आहोत आणि संध्याकाळी चूल पेटणार आहे, हे त्याला सकाळीच कळलेलं होतं. तुमची तीस वर्षं तशी गेली. भावाची दुसऱ्या तऱ्हेने गेली. स्वतःच्या पोरांच्या डोळ्यांत पाहता येऊ नये, अशी ती वर्षं होती. त्याला तारण स्वस्तात मिळालं नाही, फार उशिरा मिळालं. त्याने जे गमावलं ते शेवटच्या आठवड्यात परत आलं नाही.

येशूच्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत धाकटा आपली वाटणी उडवून परत येतो आणि बाप त्याला मेजवानी देतो, तेव्हा थोरला भाऊ हेच बोलतो. इतकी वर्षं तुमची चाकरी केली, एकही आज्ञा मोडली नाही, मला साधं करडू दिलं नाहीत. त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याने खरंच काम केलेलं होतं. पण बापाच्या घरात राहून तो चाकराचा हिशेब मांडत बसला होता, आणि धाकट्याला मेजवानी मिळेपर्यंत ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. आणि बाप काय करतो ते पाहा. धाकट्यासाठी तो जसा धावत गेला, तसाच थोरल्यासाठी पंगत सोडून अंगणात येतो, त्याची समजूत काढतो. “बाळा, तू माझ्याबरोबर नेहमीच आहेस, आणि माझे जे काही आहे ते सर्व तुझेच आहे.” ताई, तुमच्या तीस वर्षांचं काय, या प्रश्नाचं माझ्यापाशी याहून दुसरं उत्तर नाही. ती वर्षं तारणाची किंमत म्हणून कुठे जमा झालेली नाहीत. तुम्ही ती बापाच्या घरात काढलीत, आणि ते घर तेव्हाही तुमचंच होतं.

तुमच्या दोन दुखण्यांचं मूळ मला एकच दिसतं. भावाच्या बाबतीत तुम्हाला वाटतं, त्याने काही केलं नाही तरी त्याला मिळालं. सासूबाईंच्या बाबतीत वाटतं, मी पुरेसं केलं नाही म्हणून मला मिळणार नाही. दोन्हीकडे मोजमाप तेच. आणि याचा दोष मी एकट्या तुम्हाला देणार नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये सुवार्तेच्या सभेत कृपा सांगतात आणि पुढच्या रविवारपासून नियम सांगू लागतात. तारण फुकट मिळालं, आता पवित्र होणं मात्र तुझ्या हिमतीवर, असं आपण बोलत नसलो तरी शिकवतो तेच. गलतीयांच्या मंडळीने हेच केलं होतं, म्हणून पौल त्यांना बुद्धिहीन म्हणाला. आत्म्याने आरंभ केलात आणि आता देहाने पुरं करायला निघालात काय, असं त्याने विचारलं.

त्या वक्त्यांचं बोलणं अर्धंच खरं आहे. कृपा माणसाला बदलते, हे खरं. तीताला लिहिलेल्या पत्रात तर कृपा शिक्षकच होते, अभक्ती सोडून मर्यादेने कसं वागावं ते शिकवते. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात. पहिलीत घेतलेलं मूल त्याच वर्षी दहावीचं गणित सोडवत नाही म्हणून शाळेत त्याचं नावच नव्हतं असं तुम्ही म्हणाल का? स्वभाव किती बदलला यावरून तारण झालं की नाही हे ठरवायचं, तर त्या सभेत व्यासपीठावर बसायला कोणी उरलं नसतं.

आपल्याच माणसांकडे पाहा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. त्यापूर्वीच त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज उभा केला होता, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली होती. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. संस्कृतवर प्रभुत्व, बायबलचा अभ्यास, विधवांसाठी वाहून घेतलेलं आयुष्य, सगळं होतं. आणि तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला उमगलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. १८९१ च्या सुमाराची ही गोष्ट. त्या वेळी रमाबाईंच्या कामांची यादी कोणाच्याही यादीपेक्षा मोठी होती. त्या यादीवर टेकून उभं राहता येत नाही, आपण रिकाम्या हातांनी येऊन क्षमा घ्यायची असते, हे त्यांना तेव्हा कळलं आणि त्यातून त्यांना आनंद झाला. मला या प्रसंगातलं सर्वात मोलाचं वाटतं ते पुढचं. कृपा कळली म्हणून त्या हात जोडून बसल्या नाहीत. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपासमारीतल्या शेकडो मुली-बायका आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, ग्रीक आणि हिब्रू शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि मरेपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, त्या त्याच कामात होत्या. काम आधीही होतं आणि नंतरही. आधी ते काम त्यांना उभं धरू शकत नव्हतं. नंतर त्याची गरज उरली नव्हती, म्हणून ते मोकळेपणाने झालं.

आणि रागाबद्दल म्हणाल तर ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची भजनं आजही आपण रविवारी उपासनेत गातो, आणि मराठी मंडळीत ख्रिस्तावर इतक्या गोडव्याने कोणी लिहिलेलं मला माहीत नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांच्या संतापाचे प्रसंग मुळीच लपवलेले नाहीत. घरच्या बाईने लिहिलेलं आहे, त्यामुळे त्यात भर घालण्याची गरज नाही आणि कमी करण्याचीही सोय नाही. त्या संतापी माणसाच्या हातून ती भजनं झाली. लक्ष्मीबाई स्वतः तर त्यांच्यामागून पाच वर्षांनी, १९०० मध्ये, ख्रिस्ती झाल्या. लहानपणापासून अंगात मुरलेलं सोवळंओवळं एका रात्रीत गळून पडलं नाही, टप्प्याटप्प्याने सुटलं, तेही त्यांनी लिहिलं आहे. ही उदाहरणं देऊन तुमच्या खेकसण्याला मी सूट देत नाही. देवाचं काम माणसात कसं चालतं, किती हळू आणि किती खोल, ते दाखवतो आहे. येशूने मार्कच्या चौथ्या अध्यायात बी टाकून झोपी जाणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी रुजतं आणि वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. अंकुराच्या दिवसांत दाणा शोधला तर सापडणार नाही.

मग आपण काहीच करायचं नाही का? करायचं. फिलिप्पैकरांस पत्रात पौल एका दमात दोन्ही सांगतो. भीत व कापत आपले तारण साधून घ्या, आणि लगेच, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्या ठायी साधून देणारा देवच आहे. आधी देव आणि मग आपण, अशी वाटणी त्याने केलेली नाही. आपल्या प्रयत्नाच्या आतच देवाचं काम चाललेलं असतं. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाच्या धर्मशिक्षकाला हे पटत नव्हतं. माणसाने मनावर घेतलं तर तो आपल्या इच्छाशक्तीने पापाशिवाय राहू शकतो, असं तो शिकवी. आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याने एक प्रार्थना लिहिली होती, ‘तू जी आज्ञा देतोस ती पाळण्याचं बळ दे, आणि मग तुला हवी ती आज्ञा दे.’ पेलागियसला ही प्रार्थना ऐकवली तेव्हा ती त्याला सहन झाली नाही, असं ऑगस्टिननेच नोंदवून ठेवलं आहे. इसवी सन ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची शिकवण नाकारली. वाद जुना आहे, पण ती प्रार्थना तुमच्या उपयोगाची आहे. सासूबाईंच्या खोलीच्या दारात पाय टाकण्याआधी तेवढी म्हणा. ‘प्रभू, मला सौम्य राहायचं आहे, ते माझ्यापाशी नाही, तू दे.’ उंबऱ्यावर म्हणायला एवढीच पुरे.

आणि एक गोष्ट मी पाळक म्हणून ठासून सांगणार आहे. तुमच्या चिडचिडीतला बराचसा भाग हा थकवा आहे. अर्धांगवायूच्या माणसाचं उठवणं, बसवणं, पुसणं, कूस बदलणं, रात्रीची हाक, आणि सकाळी पुन्हा शाळा. तुमच्या पत्रात नवऱ्याचा उल्लेख एकदाही नाही. सासूबाई त्यांची आई आहेत. आज रात्री त्यांच्याशी बोला, आठवड्यातल्या ठरावीक रात्री त्यांनी त्या खोलीत झोपायचं. जावेलाही मोकळेपणाने विचारा, महिन्यातले काही दिवस ती घेईल का. महिला मंडळाची प्रार्थना तुम्ही इतकी वर्षं चुकवली नाहीत, तर आता मंडळाला सांगा की शनिवारी दोघी जणी येऊन दोन तास बसा, मला झोपायचं आहे. हे मागायला संकोच वाटेल, कारण आजवर तुम्ही देणाऱ्या होतात. घेणं शिकणं हासुद्धा कृपेत वाढण्याचाच भाग आहे, आणि कष्टाळू बायकांना तोच सर्वात जड जातो. “माझी कृपा तुला पुरे आहे” हे वचन आपण थकलेल्या माणसाला आणखी ओझं उचलायला लावण्यासाठी वापरतो. पौलाला ते मिळालं तेव्हा तो आपण दुबळे असल्याचं उघड बोलत होता.

तुम्ही सासूबाईंचा हात झिडकारलात, त्याचं काय करायचं? त्यांच्याकडे जा, तोच हात हातात घ्या आणि म्हणा, आई, मी चुकले. त्यांना किती समजेल याचा विचार करत बसू नका. एक विचारून ठेवतो, तीस वर्षांपूर्वीच्या तुम्ही सुनेचा मान बाजूला ठेवून हे म्हटलं असतंत का? तो हात झिडकारल्यापासून तुमचा जीव खाली-वर होतो आहे. ज्याच्या आत देवाचं काम थांबलेलं असतं त्याला अशी झोप उडवणारी टोचणी लागत नाही.

आता प्रभुभोजन. तुम्ही मागच्या बाकावरून उठून जाता हे वाचून मला सर्वात वाईट वाटलं. तुमच्यासारखे कितीतरी लोक आपल्या मंडळ्यांमध्ये आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायातलं ‘जो कोणी अयोग्य प्रकारे’ हे वचन त्यांच्या मनात बसलेलं असतं. त्याच्या आधीच्या ओळी काढून वाचा. त्या मंडळीत पैसेवाले आधी येऊन जेवून घेत, काहींना चढलेलीही असे, आणि गरीब उपाशी राहत. पौल संतापला आहे तो या वागण्यावर. आपण पापी आहोत या जाणिवेने कापणाऱ्या माणसाला मेजावरून उठवायला त्याने ते लिहिलेलं नाही. आणि पुढच्याच वचनात काय आहे? माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे. परीक्षा करून घरी जावं असं तिथे नाही. ती भाकर बरे झालेल्यांना बक्षीस म्हणून ठेवलेली नाही. पहिल्या रात्री त्या मेजाभोवती कोण बसलं होतं ते आठवा, पहाटेच्या आत त्यातल्या पेत्र या शिष्याने तीनदा प्रभूला नाकारलं. तो नाकारणार आहे हे प्रभूला माहीत होतं, आणि तरी त्याला भाकर मिळाली. तेव्हा येत्या प्रभुभोजनाला पुढे जाऊन गुडघे टेका. मन तयार होण्याची वाट पाहू नका. मन तयार व्हावं म्हणूनच ते आहे. येशूच्या दाखल्यात ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढं म्हणणारा जकातदार नीतिमान ठरून घरी गेला, आणि आठवड्यातून दोनदा उपवास करून दशमांश देणारा, धर्माचे नियम काटेकोर पाळणारा परुशी तसा गेला नाही. तुमच्या लेंटच्या उपवासांना मी नावं ठेवत नाही, ते करत राहा. फक्त जकातदाराच्या मनाने करा.

जावेचं म्हणणं. तिला आणि तुम्हालाही सांगतो, हा वाद तुम्ही दोघी समजता तेवढा उरलेला नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथे कॅथलिक चर्च आणि जर्मन सुधारक मार्टिन लुथरच्या परंपरेतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा लुथरन जागतिक संघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तिचा गाभा असा, की देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने, आपल्या कोणत्याही लायकीमुळे नाही, आणि तोच पवित्र आत्मा देऊन आपली अंतःकरणं नवी करतो आणि सत्कर्मांसाठी बोलावतो. प्रॉटेस्टंटांपैकीच २००६ मध्ये मेथडिस्ट मंडळ्यांनी आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांनीही तिला संमती दिली. मुळात कॅथलिकांच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५४७ मध्ये लुथरच्या शिकवणीला विरोध केला, तेव्हाही नीतिमान ठरण्याची कृपा आधीच्या कर्मांनी कमावता येत नाही असंच म्हटलं होतं. फरक पूर्णपणे मिटलेले नाहीत. पुण्य, शुद्धीस्थान (मरणानंतर शुद्ध होण्याची जागा), मृतांसाठी प्रार्थना यांवर आपली मतं वेगळी आहेत, आणि त्यावर घरात भांडू नये. पण ‘तुमच्याकडे विश्वास, आमच्याकडे कर्मं’ ही विभागणी दोघींनीही सोडून द्यावी. आपल्या बाजूने इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय आपण नेहमी नवव्या वचनापाशी थांबवतो, कर्मे केल्याने हे झाले नाही इथपर्यंत. दहावं वाचायला हवं, सत्कृत्यांसाठीच आपण ख्रिस्त येशूमध्ये निर्माण झालो, आणि ती देवाने आधीच तयार करून ठेवली आहेत. जाऊबाई उन्हाळ्याच्या सुटीत येतील तेव्हा हा अध्याय दोघी मिळून वाचा. आणि त्या आल्याच आहेत तर चार दिवस सासूबाईंजवळ त्यांनाच राहू द्या.

शेवटी बाकाचं. आईंच्या भावनेचा मान ठेवून सांगतो, देऊ नका. मंडळीला बसायला बाक हवा असेल तर तो वेगळ्या निमित्ताने द्या, पण भावाच्या नावे काही चांगलं जमा व्हावं म्हणून नको. पाळक म्हणाले ते खरं असेल तर त्याच्या नावे ख्रिस्ताने भरलेलं पुरेसं आहे, त्यात तुमच्या पंधरा हजारांनी भर पडणार नाही. ते पैसे वहिनींच्या हातात द्या. पोरांची या वर्षाची फी भरायची असेलच, आणि भावाने जे बुडवलं त्यातला थोडा भाग तरी त्याच्या घरातून परत जाईल. देताना ‘दादाकडून’ म्हणू नका, त्यांना ते झेपणार नाही. ‘माझ्याकडून’ म्हणा. आईंना समजावणं अवघड वाटलं तर मला तसं कळवा, मी त्यांना वेगळं पत्र लिहीन. वर्षाच्या प्रार्थनेला तुमच्या पाळकांना आधी भेटून एवढं सांगून ठेवा, की या वेळी प्रार्थनेत वहिनींचं आणि मुलांचं नाव घ्या. त्यावर आमेन म्हणणं तुम्हाला जड जाणार नाही.

प्रभूमध्ये तुमचा,
पाळक